जखमेवरची साय

डेअरीच्या पुढच्या भागात दिवसभर कलकलाट असे. गिऱ्हाइकं, पिशव्या, सुट्ट्या नाण्यांवरून हुज्जत. मागच्या खोलीत मात्र तान्हं मूल नुकतंच निजलेल्या घरासारखं वातावरण. तिथे मंद शेगड्यांवर पसरट कढया मांडलेल्या असत आणि त्यांच्यावर एकच माणूस वाकलेला असे. कुणी दार जोरात लोटलं की तो मान वर न करता ओरडे, "अरे, हळू! लग्नाला आलायस का? साय धरतेय!"

हा फुंकरनाना. साय काढायच्या आधी तो कढईच्या काठाशी तोंड नेई आणि ओठांचा चंबू करून हलकी फुंकर घाली. त्या वाऱ्याने साय काठापासून सुटे, किंचित सुरकुते, मग तो दोन्ही हातांत चपटे कालथे धरून ती अख्खी उचली आणि दुमडून ताटात ठेवी. फाटलेली साय त्याने कधी पुढे पाठवली नाही. ती तो चहात टाकून कामगारांना पाजायचा, वर म्हणायचा, "प्या. कुणाच्या तरी घाईचं फळ आहे." त्याचं खरं नाव मालकाला पगाराच्या दिवशी आठवायचं तेवढंच. गल्ली त्याला फुंकरनाना म्हणायची आणि त्याच्या बायकोला नानी.

तपासणीवाले एकदा येऊन गेले आणि फुंकर बंद झाली. म्हणजे निदान कागदावर. मालकाने नानाच्या तोंडाला फडकं बांधलं आणि पायांत गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट घातले. तोवर तो अनवाणीच उभा असायचा. त्या खोलीची फरशी दर तासाला धुतली जायची आणि चपला घसरायच्या. फडकं तो कुणाचं लक्ष नसलं की हनुवटीवर ओढून घ्यायचा. बुटांना इलाज नव्हता. ते दोन मापं मोठे होते, चालताना आत पाय डचमळायचे. डेअरीतला कॅनवाला, दुधाचे कॅन उतरवणारा धिप्पाड गडी, म्हणायचा, "नाना, त्या बुटांत तुम्ही राहता की भाडेकरू ठेवलाय?"

"तुझ्या पोटात राहतात त्यांच्यापेक्षा कमीच आहेत," नाना म्हणायचा.

नानाला साखर होती. बरीच वर्षं होती. "दुधाच्या धंद्यात जन्म गेला, साखर अंगातच विरघळली," असं तो हसण्यावारी न्यायचा. गोळी घ्यायचा, कधी विसरायचा. पाय बधिर झाले होते; कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे वाटतात म्हणायचा. पण त्याची त्याला तक्रार नव्हती. उलट बरोबरीची माणसं संध्याकाळी पाय चेपून घेत बसायची तेव्हा हा ताठ उभा. "दिवसभर उभा राहतो आणि एक ठणका नाही. याला आजार म्हणतात होय?"

त्या ठणक्याची किंमत त्याला एका संध्याकाळी कळायला हवी होती. घरी आल्यावर नानीने बूट वाळत टाकायला म्हणून उलटा केला आणि आतून दुधाच्या कॅनचं पत्र्याचं सील टणकन फरशीवर पडलं. तारेसकट. बुटाचं अस्तर चिकट, तांबडं झालेलं.

"अहो, हे काय? दिवसभर हे पायाखाली घेऊन उभे होतात?"

नाना खाटेवर बसला होता. त्याने तळवा उलटा करून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे चालताना सगळा भार येतो तिथे, कातडीत नखाएवढा खड्डा पडला होता.

"कळलंच नाही," तो म्हणाला. आणि थोडा वेळ त्या सीलाकडेच बघत राहिला, जणू त्यानेच हाक मारायला हवी होती.

नानीने हळद-बिळद काही लावली नाही. हळद लावता लावता चिघळलेला शेजारच्या बाईचा पाय तिने बघितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ओढत सरकारी इस्पितळात घेऊन गेली.

इस्पितळाची ड्रेसिंगची खोली जिन्याखाली होती. भिंतीला लागून बाक, बाकावर माणसं, प्रत्येकाचा एक पाय पुढे काढलेला. सगळे एकमेकांच्या पट्ट्यांकडे चोरून बघायचे आणि आपली बरी आहे असं मनात म्हणायचे. आतली सिस्टर उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. तिने नानाचा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला, दिवा ओढला आणि म्हणाली, "काय काम करता?"

"साय काढतो."

"मग आज माझी पाळी," म्हणत तिने चमच्यासारखं धारदार हत्यार उचललं आणि जखमेच्या तळावरचा थर खरवडायला सुरुवात केली.

दुखलं काहीच नाही. पण आवाज आला. करवंटी खरवडावी तसा. नानाने मान लांब करून बघितलं तर खड्डा होता त्याहून मोठा झालेला आणि आतून रक्त येतंय.

"अहो सिस्टर! बरं करायला आणलंय की वाढवायला?"

"रक्त येतंय हे चांगलं लक्षण आहे. खाली जिवंत आहे अजून."

आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. प्रत्येक वेळी पट्टी सोडली की नानाला जखमेवर एक पातळ, ओला, चकचकीत पापुद्रा धरलेला दिसे. पिवळट पांढरा. कडेने किंचित सुरकुतलेला. त्याला तो बघून बरं वाटे. आणि प्रत्येक वेळी सिस्टर तो काढून टाके.

"आत्ता कुठे कातडी धरत होती," तो एकदा कळवळून म्हणाला.

"नाना, मी काढते आणि तुम्ही परत बनवून आणता. तुमची सवय जात नाही."

बाकावरची माणसं हसली. नाना हसला नाही. त्या दिवशी सर्जनबाई फेरीवर होत्या. सिस्टरने त्यांना हाक मारली. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना. माझ्यावर यांचा विश्वास नाही."

बाई स्टूल ओढून नानाच्या समोर बसल्या. घाईत होत्या, पण बसल्या. "काका, हे तुम्हाला नवी कातडी वाटतेय ना? ही जंतूंची वस्ती आहे. जंतू सुटे असले की गोळी त्यांना गाठते. पण ते जखमेला चिकटून बसतात, आपल्याभोवती चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आत दडून राहतात. काही तर आत निजल्यासारखेच पडून असतात. गोळी त्यांचं फार काही बिघडवू शकत नाही. म्हणून वरून सगळं शांत दिसतं, आणि जखम मात्र भरत नाही."

"मग एकदाच काय ते काढून टाका, मॅडम."

"एकदा काढून भागत नाही. दोन-तीन दिवसांत पुन्हा धरतो. म्हणून पुन्हा पुन्हा काढायचा, आणि तो नवा, कच्चा आहे तोवर औषधाने गाठायचा. बऱ्याच जणांचा तर डोळ्यांना दिसतही नाही. आणि उभं राहायचं नाही. त्या पायावर जराही भार द्यायचा नाही."

नानाने मान डोलावली. डॉक्टरांसमोर तो नेहमीच मान डोलवायचा. परतताना रिक्षात मात्र तो पट्टीच्या कडा चाचपत बसला. घर आलं तसा म्हणाला, "अगं, मला एक सांग. कच्ची साय सारखी मोडत राहिलं, तर ती जाड कधी होणार?"

नानी रिक्षावाल्याला द्यायला सुटे पैसे मोजत होती. तिला वाटलं, डेअरीचं काहीतरी बोलतोय.

माणसाचा हात जे आयुष्यभर करतो तेच त्याच्या डोक्याला खरं वाटू लागतं. नानाने हजारो कढया बघितल्या होत्या. दुधाला हलवलं नाही, धक्का लावला नाही, तर वरचा पापुद्रा दाट होतो, घट्ट होतो, शेवटी दोन कालथ्यांवर अख्खा उचलता येतो. आणि कुणी मध्येच बोट घातलं की पुन्हा पहिल्यापासून. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या मनगटांना ठाऊक होतं. आता स्वतःच्याच तळव्यावर त्याला तोच पापुद्रा दिसत होता, तीच चमक, तीच सुरकुती. आणि एक बाई आठवड्यातून दोनदा त्यात बोट घालत होती.

त्याने जायचं टाळायला सुरुवात केली. आधी एक वार चुकवला, मग सलग दोन.

"म्हणजे त्या शिकलेल्या बाया वेड्या आणि तुम्ही तेवढे शहाणे?" नानी भडकली.

"वेड्या कोण म्हणतंय? बिचाऱ्या दिवसाला ढिगाने पाय बघतात. एकेका पायापाशी बसायला वेळ कुणाला आहे? खरवड आणि पुढचा. आपल्या घरी घाई नाही. तू कर. मी सांगतो तसं कर."

"माझे हात थरथरतात."

"तुझे? कुरडीचं पीठ असो की पोरीची वेणी, तुझा हात कधी थरथरला? माझा पाय बघूनच थरथरतो होय?"

तिला हसू आलं, आणि तिथेच ती फसली. शिवाय खरं सांगायचं तर इस्पितळातून आल्यावर रक्ताने भिजलेली पट्टी ती तोंड फिरवून धुवायला टाकायची. त्या दिवशी ती आपलं ताट तसंच झाकून ठेवी. न खरवडता बरं होत असेल तर कुणाला नको होतं?

दुपारी गल्ली निवांत असायची तेवढ्या वेळात हा कार्यक्रम चाले. नाना खाटेवर, पाय उशीवर, उशीवर जुनं धुतलेलं धोतर. नानी उकळून निववलेलं पाणी चमच्याने घेई. "मधोमध नको," नाना सांगे. "काठाने. कढईत दूध वाढवतेस ना, तसं. काठाने घसरत जाऊ दे. हां. आता कापूस कडेकडेने. टिपायचं, पुसायचं नाही." नानी श्वास रोखून टिपे. सगळं झालं की तो पाय तोंडाजवळ ओढून घेई. गुडघा कुरकुरे, पोट आड येई, तरी जमेल तेवढा ओढून फुंकर घाली, पापुद्रा वाळावा म्हणून. मग ती पट्टी बांधी.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी पाय चेपू दिले नव्हते. "मला लाज वाटते," म्हणायचा. आता रोज अर्धा तास पाय तिच्या मांडीवर आणि तोंडाने बारीकसारीक गप्पा. मालकाची नवी गाडी, कॅनवाल्याचं जुळत आलेलं लग्न कसं फिसकटलं, कोण दुधात पाणी घालतं. नानीला ती दुपार आवडू लागली होती. पुढे तिने हे एकदाच, मुलीपाशी, तोंडाने बोलून दाखवलं, आणि मग तोंडावर पदर घेतला.

पापुद्रा टिकला. दाट झाला. कडेची कातडी जाड, पांढरी होऊन त्याच्याकडे सरकत आली. खड्डा वरून झाकल्यासारखा दिसू लागला. रक्त नाही, दुखणं तर पहिल्यापासूनच नव्हतं. जुन्या चिठ्ठीवर औषधवाल्याकडून आणलेल्या गोळ्याही तो घेत होता, म्हणजे आपण काही औषध सोडलेलं नाही, असं म्हणायला जागा होती.

सिस्टरने एकदा फोन केला. "नाना, पाय कुठे हरवलात?"

"बरी झाली सिस्टर. बंद झाली जखम."

"कुणी बघितली?"

"मी."

"अरे वा. सर्जन झालात ते कळवलं नाहीत."

"या बघायला. अर्धा किलो साय बांधून ठेवतो."

"साय नको. तुम्ही या," ती म्हणाली. हा तिचा आवाज फटकळ नव्हता. पण नानाने फोन ठेवला आणि नानीकडे बघून डोळा मारला.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने पाय बघायला मागितला. फोनच्या दुकानात कामाला होती, बापासारखीच बारीक नजरेची. पट्टी सोडली. चकचकीत, झाकलेली जखम बघून तिलाही हायसं वाटलं. नाक मात्र तिने किंचित आक्रसलं.

"बाबा, वास येतोय थोडा."

"दुधाच्या घरात कसला वास येणार? अत्तराचा?"

तिने पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. बापाच्या अंगाला लहानपणापासून तिने दुधाचाच वास ओळखला होता, आंबूस, कोमट. तोच असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

नाना पुन्हा कढयांपाशी उभा राहू लागला. आधी स्टुलावर बसून, मग स्टूल मागे सरकवून. बसून साय काढता येत नाही, हात वरून यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. मालकानेही फार ताणलं नाही. नानाच्या गैरहजेरीत साय फाटकी येत होती आणि गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत होती.

मग एका सकाळी मागच्या खोलीत वास सुटला.

पहिल्यांदा तो कॅनवाल्याला आला. "नाना, कुठलंतरी नासलंय."

नानाने मान वर केली. सकाळपासून त्याच्या अंगात कणकण होती, ओल्या फरशीने असेल म्हणून त्याने बंडीवर शर्ट चढवला होता. पण नासलं म्हटल्यावर तो ताठ झाला. त्या डेअरीत दूध नासायच्या आधी ओळखणारं नाक एकच होतं. तो एकेका कढईवर वाकला. पहिली, दुसरी. "हे ठीक आहे. हेही ठीक." तिसरीवर जरा थांबला. बोट बुडवून चाटलं. "ठीक आहे." पण वास होताच. जिकडे तो जाई तिकडे वास.

"कॅन बघ. झाकणांच्या रबरात अडकलं असेल."

कॅनवाल्याने कॅन बघितले. मोरी बघितली, मोरीची जाळी काढून आत हात घातला. फडताळामागे उंदीर मेलाय का बघायला दिव्याने उजेड पाडला. मालक पुढून ओरडला, "काय मेलंय रे मागे? गिऱ्हाईक नाक दाबतंय!"

"शोधतोय!" नाना ओरडला. घाम सुटला होता त्याला. पुन्हा तिसऱ्या कढईपाशी आला, हुंगलं, आणि यावेळी स्वतःवरचाच विश्वास उडाल्यासारखा म्हणाला, "हीच असणार. ओत." अख्खी साय धरलेली कढई. कॅनवाल्याने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग दोघांनी कान धरून ती मोरीत उपडी केली. पांढरा लोट जाळीवर घुटमळला आणि गुडगुडत खाली गेला.

वास होता तसाच.

नाना चौथ्या कढईकडे वळला. कॅनवाला मोरीशी उकिडवा बसला होता, त्याच्या नाकासमोरून नानाचे बूट गेले. तो थांबला. मग हातानेच नानाची पोटरी धरली.

"नाना. थांबा."

"सोड. कढई बघू दे."

"नाना, कढई नाही." धिप्पाड गडी, पण आवाज पोरासारखा बारीक झाला होता. "बूट काढा."

नाना हसल्यासारखं करून म्हणाला, "बुटात काय दूध भरलंय?" पण बसला. बूट निघेना. पाय आत सुजून घट्ट बसला होता. कॅनवाल्याने शेवटी दुधाच्या पिशव्यांची कात्री आणून रबर उभं कापलं. त्याबरोबर जे बाहेर आलं त्याने तो मागे सरून भिंतीला टेकला. पुढून मालक धावत आला आणि दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

अंगठा जांभळा, काळा. पट्टी हिरवट, भिजलेली. घोट्यापासून पोटरीवर लाल पट्टा चढत गेलेला. नाना त्या पायाकडे बघत नव्हता. तो मोरीकडे बघत होता.

"चांगलं दूध ओतलं मी," तो म्हणाला.

सिस्टरने इस्पितळात त्याला ओळखलं, पण टोमणा मारला नाही. तेव्हा नानी घाबरली. सिस्टरने चिमट्याने पापुद्र्याची कड उचलली आणि तो अख्खा निघाला. तळहातावर घेण्याजोगा. त्याच्या खाली जखम भरलेली नव्हतीच. आत पोकळी होती, पू होता, आणि तपासायची बारीक सळई घातली तर ती टक्क करून हाडाला लागली. तो आवाज नानीने ऐकला.

सर्जनबाईंनी सगळं सांगितलं. हाडात गेलंय. पायाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्यात, औषध शिरेतून दिलं तरी पुढे पोचायला वाट कमी. बोटांसकट पुढचा भाग काढावा लागेल, टाच वाचवायचा प्रयत्न करू.

"टाच राहिली तर उभा राहता येईल?" नानाने विचारलं. तेवढंच विचारलं.

"राहिली तर, येईल. बुटात भर घालून."

पुढचा भाग गेला. आता नाना बदलला. ड्रेसिंगला गाडा आला की स्वतःच चादर सारायचा. "खरवडा. रक्त येईपर्यंत खरवडा. दया-माया नको." सिस्टर खरवडायची. नवी औषधं, जंतू मारणारी पट्टी, सगळं झालं. आणि प्रत्येक वेळी पट्टी सोडली की टाक्यांच्या फटीत पुन्हा तो ओला, चकचकीत थर. नाना तो बघून डोळे मिटायचा. नानी मात्र मिटत नसे. तिला तो दिसत राहायचा, भिंतीवरही, जेवणाच्या डब्याच्या झाकणावरही.

रक्तच पोचत नव्हतं. कडा काळ्या पडत गेल्या. ताप उतरून पुन्हा चढला, आणि एका दुपारी नाना माणसं ओळखेनासा झाला. बाईंनी मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, आता पाय की जीव, असं आहे. गुडघ्याखालून पाय काढला. जीव राहिला.

नानीने बाईंना व्हरांड्यात गाठलं. मुलगी नको नको म्हणत होती, तरी गाठलंच. "मॅडम, मला खरं सांगा. मी घरी धुवत होते. पापुद्रा मोडू नये म्हणून जपत होते. पहिल्यापासून इथेच येत राहिलो असतो तर पाय वाचला असता का?"

 एक वॉर्डबॉय गाडी ढकलत गेला, त्याला बाईंनी वाट दिली. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही. साखर होती, रक्त कमी पोचत होतं, उभं राहणं सुटलं नाही. रोज येऊनही काहींचा जातो. न येऊन काहींचा राहतो, तेही बघितलंय."

"म्हणजे वाचला नसता?"

"म्हणजे वाचण्याची संधी जास्त होती. एवढंच मला खरं बोलता येईल."

नानीला 'हो' चाललं असतं, 'नाही' तर फारच चाललं असतं. हे असलं मधलं उत्तर घेऊन ती घरी आली आणि ते तिच्यापाशी राहिलं. नाना तिला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं होतं. एकदा तीच म्हणाली, "माझ्या हाताने झालं." तर तो म्हणाला, "हात तुझा होता, डोकं माझं होतं. भांडी घास जा." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

डेअरीत दुसरा माणूस आला. साय फाटकी निघते, पण आता पाकिटात भरतात, फाटली काय नि न फाटली काय. कॅनवाला अधूनमधून दूध घेऊन यायचा, दारात उभा राहूनच दोन विनोद करायचा, त्याचं त्यालाच हसू यायचं नाही. मग त्याचं येणं विरळ झालं. नाना कुबड्यांवर खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत. सगळा भार आता उरलेल्या पायावर. आणि तो पायही तितकाच बधिर.

नानी रोज सकाळी तो पाय उजेडात धरून बघायची. बोटांच्या बेचक्या, नखं, टाच. आरसा खाली धरून तळवा. डोळ्यांत तेल घालून बघायची. एका सकाळी टाचेच्या कडेला तिला तांबूस डाग दिसला. रुपयाएवढा. कातडी फाटलेली नव्हती. दाबला तर तांबडेपणा जात नव्हता.

 तिने आरसा खाली ठेवला नाही, त्यावरून नानाला कळलं.

"काय आहे?"

"काही नाही. चला, जाऊन येऊ."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने वाद घातला नाही. शर्ट चढवला. इस्पितळात बाकावरच्या माणसांनी त्याला जागा करून दिली. अशा खोलीत ज्याचं एकदा गेलेलं असतं त्याला जागा मिळते. सिस्टरने टाच दिव्याखाली धरली, सगळीकडून बघितली.

"खरवडा," नाना म्हणाला.

"इथे खरवडायला काही नाही अजून. कातडी शाबूत आहे. फक्त दबलीय. हिच्यावर भार द्यायचा नाही नाना. टाच टेकवायची नाही, उभंही राहायचं नाही, काही आठवडे."

नानाने खाली बघितलं. एका बाजूला रिकामी, पिन लावून दुमडलेली विजार. दुसऱ्या बाजूला सिस्टरच्या हातातली टाच.

"मग मी उभा कशावर राहू?"

 सिस्टर कापूस उलगडू लागली. जाड गादी करून तिने टाचेखाली बांधली, नीट, घाई न करता. मग बाहेर तोंड काढून म्हणाली, "पुढचे."

रिक्षात बसल्यावर नानीने त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, टाच हवेत राहील असा. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला ती पाय वर उचले आणि गचका स्वतःच्या हातांवर घेई. नाना बाहेर बघत होता. गिऱ्हाइकं, हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्या चढणारी-उतरणारी माणसं.

"हात दुखतील तुझे," तो म्हणाला.

"दुखू देत," ती म्हणाली.